पाणलोटाची वेस

गेल्या महिन्यांत आमच्या भाच्याचें न्यूझीलंडहून पत्र आलें. नोकरीनिमित्त तो तिकडे बारा वर्षें राहात असून अलीकडेच त्यानें स्वतःचें घर घेतलें आहे. घर घेतलें म्हणजे पट्टी आलीच. परंतु त्याची तक्रार पट्टीसंबंधीं नसून पट्ट्यांच्या संख्येसंबंधीं आहे. "मामा, शहराचें कौन्सिल घरपट्टी घेतें तें समजतें, पण 'रीजनल कौन्सिल' नांवाची दुसरी एक संस्था निराळी पट्टी घेते, आणि ती काय करते हें शेजाऱ्यांसही धड सांगतां येत नाहीं," असें तो लिहितो. त्याचें शंकानिरसन करावें म्हणून आम्हीं ह्या विषयांत डोकें घातलें, आणि मग तें लवकर बाहेर काढवेना.

आम्हीं शाळेंत संस्कृताबरोबर भूगोलही शिकविला. नकाशावर बोट फिरवीत "भीमेच्या ह्या कांठास पुणें जिल्हा, त्या कांठास नगर" (आतां अहिल्यानगर) असें मुलांकडून घोकून घेतलें. नदी ही सीमा, हें आम्हांस इतकें स्वाभाविक वाटे कीं त्यांत विचारण्यासारखें कांहीं आहे हें कधीं मनांतही आलें नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतही गांवांच्या सीमेवर वड-पिंपळ लावावे, सीमा जेथें मिळतात तेथें तळीं, विहिरी, झरे असावे, असें सांगितलें आहे. जमिनीचा तंटा मिटविण्यास तें ठीकच. वड कांहीं रातोरात सरकवितां येत नाहीं. पण पाण्याच्या तंट्याचें काय? न्यूझीलंडांत १९८९ सालीं हीं प्रादेशिक कौन्सिलें निर्माण झालीं तेव्हां त्यांच्या सीमा बहुतांशीं नदीवरून न ओढतां डोंगरांच्या धारेवरून ओढल्या. धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस ज्या नदीस मिळतो तिचे दोन्ही कांठ, उगम आणि मुख, सर्व एकाच कौन्सिलाकडे.

ही कल्पना कोणा पंडिताच्या टेबलावर जन्मली नाहीं. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं डोंगरांवरचीं रानें तोडून व जाळून मेंढ्यांसाठीं कुरणें केलीं, आणि मातीस धरून ठेवणारीं मुळें नाहींशीं झालीं. फेब्रुवारी १९३८ मध्यें कोपुआव्हारा येथें रात्रीं अकस्मात् पूर येऊन रेल्वेच्या कामावरील छावणींतील २१ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं एप्रिलांत हॉक्स बे प्रांतांतील एस्क नदीचें खोरें गाळाखालीं गेलें. १९४१ सालीं मृत्संधारण व नदीनियंत्रण ह्यांचा कायदा होऊन पाणलोटवार मंडळें स्थापन झालीं. आजचीं कौन्सिलें त्यांचींच वारस होत. १९९१ च्या कायद्यानें त्यांचा भार फार वाढला. नदींतून वा भूगर्भांतून कोणीं किती पाणी उचलावें, नदींत काय सोडावें, धुराड्यानें काय ओकावें, इतकेंच नव्हे तर मोठ्या भरतीच्या रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रही त्यांच्याकडे आला. पाणी उचलण्याचा परवाना अधिकांत अधिक ३५ वर्षांचा, असें त्या कायद्यानें ठरविलें. वतनदारीस तेथें जागा ठेविली नाहीं हें आम्हांस आवडलें.

परंतु ह्या कारभाराची खरी परीक्षा टाउपो तलावावर झाली. हा त्या देशांतील सर्वांत मोठा तलाव. पाणी अत्यंत निर्मळ. कांठच्या कुरणांत गुरें वाढलीं. गुरांच्या मूत्रांतील नत्र सच्छिद्र मातींतून खालीं झिरपतें, भूगर्भांतील पाण्याबरोबर मुंगीच्या पावलानें चालतें आणि कित्येक ठिकाणीं तर अनेक दशकांनीं तलावास मिळतें. म्हणजे आज जें शेवाळ दिसावयाचें तें आजोबांच्या गाईंमुळें! वाइकाटोच्या कौन्सिलानें प्रत्येक शेतास नत्राची मर्यादा घालून दिली, हे नियम २०११ मध्यें पूर्णपणें लागू झाले, आणि सार्वजनिक पैशानें नत्राचे हक्क विकत घेऊन शेंकडा २० इतकें प्रमाण कमी करण्याचें ठरलें. पाण्याची निर्मळता राखण्याचें वर्ष ठरविलें तें २०८०. त्या सभेंत हात वर करणाऱ्यांपैकीं तें वर्ष पाहण्यास किती जण असतील? तरीही हात वर झाले.

ह्यांत अन्याय झालाच नाहीं असें मात्र नाहीं. मर्यादा ठरविली ती २००१ ते २००५ च्या वहिवाटीवरून. ज्यानें गुरें भरपूर ठेविलीं त्यास भरपूर हक्क. ज्यानें रान राखलें त्यास थोडा. तलावाचा तळ न्गाती तूव्हारेतोआ ह्या माओरी कुळाच्या मालकीचा, आणि रानाखालची पुष्कळशी जमीनही माओरींचीच. त्यांनीं तक्रार केली ती आम्हांस रास्त वाटते.

इतरत्र अपयशही आलें. कँटरबरीच्या कौन्सिलाचे निवडलेले सभासद २०१० सालीं सरकारनें दूर करून कमिशनर नेमले. पूर्ण निवडणूक परत आली ती २०१९ मध्यें. २०१६ च्या ऑगस्टांत हॅवलॉक नॉर्थ गांवीं अतिवृष्टीनें मेंढ्यांच्या विष्ठेचा अंश विहिरींच्या पाण्यांत उतरला आणि पांच हजारांहून अधिक लोक आजारी पडले. चौकशी झाली तेव्हां उघड झालें कीं भूगर्भांतील पाणी संभाळणारें कौन्सिल व नळ चालविणारें कौन्सिल ह्यांचें आपसांत पटत नव्हतें. सीमा डोंगरावर नेली तरी भांडण कचेरींत शिल्लक राहिलें, म्हणावयाचें!

आतां नोव्हेंबर २०२५ मध्यें तेथील सरकारनेंच असा प्रस्ताव मांडला कीं, प्रादेशिक कौन्सिलांचे निवडलेले सभासद नकोत. त्या जागीं त्या त्या प्रदेशांतील नगराध्यक्षांचें मंडळ बसवावें. भाच्यास हें पसंत दिसतें. आम्हांस शंका आहे. नगराध्यक्ष आपल्या नगरास बांधलेला. नदीच्या वतीनें बोलणारा मग कोण?

आमची शंका पुस्तकी नव्हे. आमचें मूळ गांव दोन हद्दींमधून वाहणाऱ्या एका लहान नदीच्या कांठीं आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका उन्हाळ्यांत पहाटे पाणी काळें आलें, मासे पोट वर करून कांठास लागले, आणि आमच्या वहिनी रिकामी घागर घेऊन परतल्या. आम्ही अर्ज घेऊन कचेरींत गेलों. घाण पलीकडच्या हद्दींतून येते, सबब अर्ज तिकडे द्यावा, असें उत्तर मिळालें. तिकडे गेलों तों, मासे मेले ते तुमच्या हद्दींत, सबब पंचनामा तिकडचा! दोन्ही कारकून सभ्य होते. एकानें तर चहाही पाजला. पुढें पावसानें नदी धुऊन निघाली व अर्ज आपोआप निकालीं निघाला. वहिनींनीं मात्र त्यानंतर नदीचें पाणी देवास कधीं घातलें नाहीं.

भाच्यास आम्हीं उत्तर लिहिलें आहे. पट्टी मुकाट्यानें भर; दर तीन वर्षांनीं ह्या कौन्सिलाचीही निवडणूक होते, तींत तूं कधीं मत दिलेंस काय, आणि तुझ्या घरामागचा ओढा कोणत्या नदीस मिळतो, तेवढें कळीव. पत्र पोंचल्याचें कळलें आहे. ओढ्याविषयींचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.