सर्वांस प्रवेश खुला

विद्यापीठांच्या निमंत्रणपत्रिकेवर तळाशी एक ओळ हमखास छापलेली असते: ‘सर्वांस प्रवेश खुला.’ जपानी चित्रपट असो, जर्मन नाटकावरील व्याख्यान असो किंवा युरोपच्या इतिहासावरील परिसंवाद असो, ही ओळ असतेच. ती खोटी असते असे मी म्हणणार नाही. दार खरोखरच उघडे असते. परंतु दार उघडे असणे निराळे आणि आत येऊन बसता येणे निराळे, हे मला एका संध्याकाळी चांगलेच कळले.

मी मूळचा लोधीखेड्याचा. हे गाव मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात आहे; २०२३ पासून हा भाग नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि आमचा हा मराठी टापू मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि मोठ्या कामाला नागपूर, असा आमचा संसार आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर जगणे म्हणजे काय, हे ह्या महाविद्यालयातील मराठी-कन्नड विद्यार्थ्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

काही वर्षांपूर्वी एका शहरात एका विद्यापीठाने जागतिक चित्रपटांचा जाहीर कार्यक्रम ठेवला होता. माझे मामा कामानिमित्त गावाहून आले होते; त्यांना मी सोबत नेले. मामांची थोडी संत्र्याची बाग, थोडा कापूस, शिक्षण सातवीपर्यंत. चित्रपट होता दे सिका ह्या इटालियन दिग्दर्शकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ज’. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या गरीब माणसाची सायकल चोरीला जाते. सायकल नाही तर नोकरी नाही. लहान मुलाला घेऊन तो रोमभर ती शोधत हिंडतो आणि शेवटी हताश होऊन स्वत:च एक सायकल चोरतो, पकडला जातो. मामांना इटालियनही येत नव्हते आणि खालची इंग्रजी अक्षरेही वाचता येत नव्हती. तरी दीड तास ते जागचे हलले नाहीत.

मग चर्चा सुरू झाली. ती सर्व इंग्रजीत. नववास्तववाद, युद्धोत्तर युरोप, छायाचित्रण. सगळे विद्वत्तापूर्ण होते. शेवटी प्रश्न विचारा असे सांगण्यात आले, तेव्हा मामांनी हात वर केला. ध्वनिक्षेपक हातात आला आणि त्यांनी आपल्या बोलीत विचारले, “त्या सायकलवाल्यानं त्याले सोडून काऊन देलं?” सभागृहात हलके हसू उमटले. व्यासपीठावरून ‘वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न’ असे सांगण्यात आले.

कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची बस गेली होती. स्थानकावरच्या बाकावर मामा बराच वेळ गप्प होते. मग आपणच म्हणाले, “पोरगं पाह्यलं त्यानं. पोरापुढं बापाची इज्जत जाऊ नये म्हनून सोडलं.”

तासाभराच्या चर्चेत ही गोष्ट कोणीही बोलले नव्हते. त्या रात्री मला जी शरम वाटली, ती मामांच्या बोलीची नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, दोन्ही भाषा मला येत होत्या, आणि मी उठून तो प्रश्न इंग्रजीत सांगितला नाही, ह्याची होती.

‘खेड्यातल्या माणसाला जागतिक संस्कृती काय कळणार?’ हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. त्याचे उत्तर कर्नाटकातच मिळाले आहे. शिमोगा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडू नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १९४९ साली ‘नीनासम्’ ही नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णा ह्यांनी १९७०च्या दशकात तेथे चित्रपट मंडळ सुरू केले आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांसमोर राय, कुरोसावा अशा दिग्दर्शकांचे चित्रपट आणले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादुर ह्यांनीही तेथे रसास्वादाचे वर्ग घेतले. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण निराळे आहे: जगातले उत्तम ते आपल्या शेजाऱ्याला त्याच्याच भाषेतून भेटले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यांनी मनापासून मानली.

मराठीलाही ही गोष्ट नवी नाही. ब्रेख्तचे नाटक पु. ल. देशपांडे ह्यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून आणले, तेव्हा ते पाहण्यासाठी कोणाला जर्मन शिकावे लागले नाही. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विद्वानांनी आपसांत बोलावे म्हणून नव्हे.

इतिहासाचेही तसेच. अमेरिकेतील यादवी युद्ध हा विषय परका वाटतो. पण १८६१ ते १८६५ ह्या काळात त्या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव भडकला. युद्ध संपताच तो कोसळला. ही कथा कापूस पिकवणाऱ्या गावात मराठीतून सांगा. ऐकणारे प्रश्न विचारून वक्त्याला दमवतील. कारण दूरच्या देशातील घडामोडींनी घरचा भाव पडतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली अध्यापन आणि संशोधन ह्यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हे कर्तव्य फलक, हजेरीपत्रक आणि छायाचित्र एवढ्यावर संपते. विद्यार्थी हजेरीसाठी येतात, प्राध्यापक अहवालासाठी येतात, आणि ज्याच्यासाठी ती ओळ छापली तो येतच नाही. आला, तर आपण त्याला हसतो.

इंग्रजीला माझा विरोध नाही. बाहेरच्या जगाची ती मोठी खिडकी आहे, आणि पाहुणा परदेशी असेल तर तो इंग्रजीतच बोलणार. परंतु शेजारी उभे राहून ते भाषांतरित करणारा कोणी असावा की नाही? त्याला ना अनुदान लागते, ना परिपत्रक.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुरत्या तीन सूचना करतो. जाहीर कार्यक्रम शेवटच्या बसच्या आधी संपावा. चित्रपट असो वा व्याख्यान, त्याचा एक पानी सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये दारातच हाती मिळावा. तो दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहावा. आणि प्रश्न कोणत्याही भाषेत, कोणत्याही बोलीत विचारता यावा. तो व्यासपीठापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आपल्यापैकी एकाची असावी.

ह्याच अंकात मराठी आणि कन्नड विभाग एकमेकांना पाठ लावून बांधलेले आहेत. आपल्यापैकी कितीजण पान उलटून पलीकडे जातात? इटलीतल्या त्या बापलेकांपर्यंत आपण सर्वांनी पोहोचावे, ही माझी इच्छा आहे. पण तेथे जाण्याची वाट आधी ह्या पलीकडच्या पानावरून जाते. मामा आता थकले आहेत, इतक्या लांब येणे त्यांना जमणार नाही. पण पुढच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून एखादा तसाच हात वर होईल. तेव्हा उठून उभे राहण्याचे मी ठरवले आहे. तुम्हीही ठरवा.