पाठीवरचं बिऱ्हाड

“ओझं वाहायला एवढ्या लांब कशापायी जायचं? हितं कमी हाय का?” आमच्या आईने हा प्रश्न टाकला आणि आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. गेल्या हिवाळ्यात नायगावहून आम्ही सहा जण सह्याद्रीच्या डोंगरात सहा दिवस पायी फिरायला निघालो होतो. बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम मिळेल तिथे, आणि जमेल तिथे रुळलेली वाट सोडून. आमच्यात एक मास्तर (तो प्रस्तुत लेखक), एक शिलाईकाम करणारा, एक मोटार मेकॅनिक, कॉलेजात जाणारी दोन पोरे आणि आमची पुतणी. आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या, सुकडीवर दिवस काढले. ज्या घरात पायी चालणे म्हणजे मजुरीला जाणे, त्या घरातल्या लेकराने पदरचे पैसे मोडून, हौसेने आठ-दहा किलो पाठीवर घ्यावे, हे तिला कसे पटावे?

पुतणीच्या आईचे दुखणे वेगळे होते. “पोरीची जात, आन् डोंगरात रात्रीचं...” एवढे बोलून ती चुलीपुढे बसून राहिली. आम्ही तिला पूर्णा मालावत या मुलीची गोष्ट सांगितली. आपल्या शिवेला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातली, आदिवासी शेतमजुराच्या घरची ही पोर. सरकारी निवासी शाळेत शिकली. २५ मे २०१४ रोजी तिने एव्हरेस्ट सर केले, तेव्हा तिला चौदावेही पुरे झाले नव्हते. बरोबर त्याच निवासी शाळांतला आनंदकुमार होता. पुढे मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पोरेही एव्हरेस्टवर पोचली. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांच्यासंगं शिकवणारे व्हते. तुमच्यासंगं कोण हाय?” प्रश्न बरोबर होता. तो किती बरोबर होता हे आम्हाला चौथ्या दिवशी कळले.

आधी बांधाबांधीचे सांगतो, कारण आमच्या घरांतून पुष्कळांना वाटते की हे श्रीमंतांचे खूळ आहे. भारी पिशव्या आम्ही घेतल्या नाहीत. शिलाईवाल्या भावाने ताडपत्रीच्या कापडाच्या शिवल्या आणि त्यांना कमरेचा रुंद पट्टा लावला. ओझे खांद्यावर लटकले की माणूस तासाभरात वाकतो, कमरेवर बसले की चालतो. आईला हे सांगायला गेलो तर ती हसली. चुंबळ डोक्यावर नीट बसली नाही तर पाटी मानेला कशी खाते, हे तिला आमच्याआधी ठाऊक होते. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ आणि येसर. येसर म्हणजे आपल्या लग्नघरातली वस्तू, पण डोंगरात तिच्यासारखे दुसरे काही नाही. मूठभर पूड, उकळते पाणी, की झाली आमटी. वजन नाही, नासत नाही.

सामान काढता काढता आम्हाला भिक्खूंचे अष्टपरिष्कार आठवले. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायचे फडके. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास एका जागी, बाकी चारिका. म्हणजे वर्षातले बरेच दिवस हे लोक चालतच असत, आणि एवढ्याच सामानावर. आम्ही मग दोन स्वेटर, एक पातेले आणि मास्तरांची जाडजूड वही घरी ठेवली. पाणी गाळायचे फडके मात्र ठेवले.

नांदेडहून रेल्वेने नाशिकरोड, पुढे घोटी आणि अकोले तालुक्यातले बारी. तिथून कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. कड्याला लोखंडी शिड्या आहेत आणि त्या दिवशी गर्दी तर जत्रेसारखी होती. तिथे वाट चुकायची म्हटली तरी चुकत नाही. खरे चालणे भंडारदऱ्याच्या धरणापलीकडे, रतनवाडीपासून सुरू झाले. जंगलात एके ठिकाणी वाट फुटते. एक रतनगडावर चढते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे जाते. ती खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई आणि पुढे हरिश्चंद्रगड असा आमचा बेत होता. रतनवाडीत लोकांनी सांगितले, वाटाड्या घ्या. आम्ही म्हणालो, नकाशा आहे. काटकसर कुठे करू नये हेही शिकावे लागते.

खिंडीपर्यंत ठीक गेलो. उतरताना कारवीच्या रानात शिरलो. कारवी म्हणजे माणसाच्या डोक्याहून उंच, काठ्यांसारखे झुडूप. आत शिरले की चार हातांपलीकडचे दिसत नाही. पायाखाली वाट होती, पण ती माणसांची नव्हती, ढोरांची होती. ढोरवाट चाऱ्यापर्यंत जाते, गावापर्यंत जाईलच असे नाही. तासाभराने ती विरली. सहा जणांत मिळून दोन लिटर पाणी उरले होते. मोबाईलला रेंज नाही. दुपारचे तीन वाजलेले, आणि हिवाळ्यात डोंगरात दिवस लवकर मावळतो.

बाजूला एक कोरडा नाला दिसत होता. मेकॅनिक म्हणाला, “पाणी खालीच जातं, गावही खालीच असतंय. नाल्यानं उतरू.” आम्हा सपाटीवरच्या लोकांना हे एकदम पटण्यासारखे. आमच्या भागातला नाला मुकाट्याने मन्याडला जाऊन मिळतो. पण सह्याद्रीची गोष्ट उलटी आहे. इथे काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. नाला एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो, आणि कोकणाच्या अंगाला तर शेकडो फूट कड्यावरून सरळ खाली पडतो. दोन टप्पे माणूस घसरत उतरतो, तिसरा उतरता येत नाही आणि मागचे दोन चढता येत नाहीत. हे सगळे आम्हाला वाचून माहीत होते. तरी त्या घटकेला आम्ही नाल्याकडे दोन पावले टाकली, हे कबूल केले पाहिजे. पुतणी जागची हलली नाही. ती म्हणाली, “जिथवर वाट पक्की होती तिथवर मागं चला.” वर चढायचे, पाणी कमी, पाय गळालेले. मेकॅनिक चिडला. तीही चिडली. पण चढलो.

खिंडीच्या जवळ आलो तेव्हा गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. गुराख्याच्या मागोमाग दिवेलागणीला कुमशेतात पोचलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. आता एक खरी गोष्ट सांगतो. परक्या गावात पाणी मागताना आमच्या पिढीच्या माणसाच्या घशात अजून काहीतरी अडकते. नाव विचारतील, मग आडनाव विचारतील, मग... तहानेने जीव चालला होता तरी आम्ही ओट्याखालीच उभे राहिलो. म्हातारीने काही विचारले नाही. हंडा उचलून आणला, सगळ्यांना पोटभर पाजले, मग पुतणीच्या खरचटलेल्या हातांकडे बघत म्हणाली, “पोरीला आत घ्या, थंडी हाय.” पुतणी तिच्या चुलीजवळ झोपली. आम्ही ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी त्याच गावातला वाटाड्या घेतला. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, तोलारखिंडीने खिरेश्वर. तिथून नाणेघाटापर्यंत मात्र गाडीने गेलो, पायांत जीव नव्हता.

नाणेघाट पाहून मात्र चालण्याचे सगळे कष्ट विसरलो. कोकणातून वर येणारी ही सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. या वाटेचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावे आहेत. तगर म्हणजे लातूरशेजारचे तेर. तेरचे सुती कापड आणि मलमल, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून गाड्यांवर घालून समुद्राकडे जाई, असे त्यात लिहिले आहे. घाटमाथ्यावरच्या जुन्नरच्या आसपास दीडशेहून अधिक लेणी आहेत, बहुतेक सगळी बौद्ध. तुळजा लेण्यातले चैत्यगृह गोल, बारा खांबांचे आहे. वर्षावासाला भिक्खू इथे थांबत, आणि पाऊस सरला की याच घाटांनी चालू लागत. पुतणीने एका खांबाला पाठ टेकून पिशवी सोडली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

घरी आल्यावर आईने ती पिशवी उचलून पाहिली. पट्टा कमरेला बांधला, अंगणात चार पावले चालली. “आमच्या टायमाला ह्यो पट्टा पायजे व्हता,” म्हणाली. नाल्याची हकिगत वहिनींना पुतणीनेच सांगितली, आम्ही नाही.

येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. खर्च प्रवासासह माणशी अडीच हजारांच्या आत बसतो. ज्यांना यायचे त्यांनी दोन महिने आधीपासून रोज तासभर भरल्या पिशवीने चालावे, नवे बूट घालून थेट डोंगरात येऊ नये. आणि वाटाड्याचे पैसे वर्गणीत पहिल्यांदा धरले जातील.