संशोधनाचा कासरा कोणाच्या हाती?



४ मे २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. जनुक-संपादनाने तयार झालेले हे देशातले पहिले वाण. बाहेरचे जनुक आत घालायचे नाही, रोपाच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी छाट द्यायची, असे हे तंत्र. हैदराबादच्या भात संस्थेने सांबा मसुरीपासून ‘कमला’ काढला. दिल्लीच्या पुसा संस्थेने एमटीयू १०१० पासून क्षार सोसणारा वाण काढला. दोन्ही संस्था सरकारी. त्या शास्त्रज्ञांचे कौतुक करताना आपण हात आखडता घेणार नाही.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहणारही नाही. भाताला मिळाले, कपाशीला आणि ज्वारीला कधी?

विज्ञान कोणाचे वैरी नसते. पण ते बैलासारखे असते. ज्याच्या हाती कासरा, त्याचे रान नांगरले जाते.

कपाशीचा हिशेब पाहा. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या वाचल्या. हे नाकारणाऱ्याने कपाशी कधी पेरलेलीच नसेल. पण ते जनुक आपल्याला मिळाले संकरित वाणांत. अमेरिका, ऑस्ट्रेलियात ते सरळ वाणांत आहे. इथेच का नाही? सरळ वाणाची सरकी शेतकरी राखून पुन्हा पेरू शकतो, २००१ च्या कायद्याने तो हक्कही दिला आहे. संकरित असले की दर मृगाला पाकीट घ्यावेच लागते. पैसा कंपनीने लावला, फायदा कंपनीने पाहिला. व्यापारी धर्मशाळा बांधायला बसलेला नसतो.

किंमत आपण मोजली. ही कपाशी सहा-सहा महिने रानात उभी, वर फरदड. गुलाबी बोंडअळी जोर धरते ती शेवटाला. दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये आले. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात त्याच्याच बोंडांत अळी निघाली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. कमी दिवसांचा सरळ वाण दाट पेरायचा आणि अळी माजायच्या आत, डिसेंबरअखेर रान मोकळे करायचे. दाट पेरायचे तर बियाणे जास्त लागते. पाकिटाच्या भावाने ते परवडत नाही, घरच्या सरकीने परवडते. म्हणजे ज्याला बियाणे दर वर्षी विकायचे आहे, तो हे संशोधन करणार नाही. ते सरकारी पैशानेच व्हायला हवे.

मग सरकारी संशोधन कुठे होते? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण २००९ मध्ये शेतात आणला. त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली. वाण मागे घ्यावा लागला. डॉ. सुधीर सोपोरी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. चौकशी हवीच होती. पण बैल अडखळला म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. पुढे सूरज, रजत अशा सरळ वाणांत बीटी जनुक घातले, तेही पहिल्या पिढीचे. गुलाबी अळी तोवर त्याला जुमानेनाशी झाली होती.

ज्वारीची गत निराळी नाही. तिचा जनुकसंच २००९ मध्येच जगापुढे आला. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजले. रब्बीच्या रानात मात्र अजून मालदांडीच उभी आहे, १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली! नवे वाण निघाले, पण तिला हटवू शकले नाहीत.

आता थैलीकडे पाहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या कृषी संशोधन विभागाला सुमारे १०,४०० कोटी रुपये. त्यातला मोठा वाटा पगार आणि पेन्शनचा. खतांच्या अनुदानाला त्याच्या सुमारे सोळापट. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, ती खाजगी क्षेत्राला स्वस्त, लांब मुदतीचा पैसा देण्यासाठी. त्याआधी १ फेब्रुवारीला पाच वर्षांचे कापूस मिशन जाहीर झाले. त्यात भर अतिलांब धाग्यावर. अतिलांब धागा गिरणीला हवा. पावसावरच्या, हलक्या रानातल्या पऱ्हाटीला कमी दिवस हवेत. ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, तेही गिरणीसाठीच.

हे आजचे नाही. इंग्रजांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती नेमली. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठीवर उपकर बसवून तिचा खर्च काढला. गाठीवरचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून जातो. पैसा शेतकऱ्याचा, आणि प्रश्न गिरणीचा: धागा लांब कसा होईल? शंभर वर्षांत राज्यकर्ते बदलले, प्रश्न तोच राहिला.

मंजुरीची सबबही आता चालायची नाही. बाहेरचे जनुक नसलेल्या संपादित वाणांना मार्च २०२२ पासून जुन्या मंजुरीच्या फेऱ्यातून सूट आहे. अडले आहे ते इच्छेवर आणि पैशावर.

आम्ही कृपा मागत नाही, हिशेब मागतो. कमी दिवसांच्या, अळीपुढे टिकणाऱ्या सरळ कपाशीसाठी आणि रब्बी ज्वारीसाठी सरकारी पैसा बाजूला काढा, त्याला मुदत घाला, आणि सरकी राखण्याचा हक्क शाबूत ठेवा. कोणत्या वाणावर किती रुपये गेले ते दर वर्षी जिल्ह्यात येऊन सांगा. काय शोधायचे हे ठरताना कोरडवाहू शेतकऱ्याला समोर बसवा.

पुढच्या बैठकीला खासदार येतील, विद्यापीठाचे साहेब येतील. हार घालण्याआधी त्यांना एवढेच विचारा: आमच्या रानासाठी यंदा काय शोधलेत, आणि किती पैशात? उत्तर लेखी घ्या.