हत्यार



या खेपेचं संपादकीय एका इंग्रजी सिनेमावर आहे. नाकं मुरडू नका. 'अरायव्हल', २०१६ सालचा. दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्ह, मूळ कथा टेड चियांगची, १९९८ ची.

पृथ्वीवर बारा जागी बारा अवाढव्य यानं येऊन अधांतरी उभी राहतात. आत सात पायांचे जीव. अमेरिकन लष्कर लुईझ बँक्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापक बाईला उचलून आणतं. कर्नलला एकच सवाल विचारायचाय: तुम्ही इथं कशाला आलात? बाई फळ्यावर त्या सवालाची मोडतोड करून दाखवते. आधी त्यांना प्रश्न म्हणजे काय हे कळलं पाहिजे. मग 'तुम्ही' म्हणजे समोरचे दोघे की अख्खी जमात, ते. मग हेतू नावाची चीज त्यांच्यात असते का, ते. म्हणून ती 'माणूस' या एका शब्दापासून सुरुवात करते. आपल्या वस्तीत आलेल्या किती पुढाऱ्यांनी एवढी तसदी घेतली? ते थेट विचारतात, तुम्हाला काय पाहिजे? आणि 'तुम्ही' म्हणजे कोण, हे त्यांनी गाडीत बसतानाच ठरवलेलं असतं.

त्याच्या आधी एक मिनिटभराचा सीन आहे. कर्नल दुसऱ्या विद्वानाकडे जायला निघतो. बाई म्हणते, जा, पण त्याला युद्धासाठीचा संस्कृत शब्द नि त्याचा अर्थ विचारा. कर्नल परत येतो. शब्द 'गविष्टी'. त्या विद्वानानं अर्थ सांगितला, वादविवाद. बाई सांगते, आणखी गाई मिळवायची इच्छा. मी उडालोच. शब्द ऋग्वेदातला. शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर कानात कथील नि लाख ओता, असं गौतमाचं धर्मसूत्र सांगतं. त्याच वेदाचं कुलूप ही बाई सहज उघडते आणि आत निघतं काय? धर्म नाही, शौर्य नाही, दुसऱ्याची गुरं. 'वादविवाद' म्हणणारा विद्वान खोटं बोलत नाही, सभ्य बोलतो. असे सभ्य भाषांतरकार आपल्याकडे पैशाला पासरी. वस्ती जाळली की यांच्या बातमीत 'दोन गटांत तणाव'.

सिनेमा म्हणतो, नवी भाषा शिकली की डोकं नव्यानं घडतं. हे मत सपीर आणि व्हॉर्फ यांच्या नावावर चालतं. यातला बेंजामिन व्हॉर्फ (१८९७-१९४१) पोटासाठी आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत होता. आगी का लागतात ते तपासायचं काम. त्याला दिसलं, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकीर, सिगारेटसुद्धा ओढतात. खरं तर रिकाम्यात वाफ कोंडलेली असते, जास्त धोका तिचाच.

हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. आमच्यातला एक जण असाच 'खाली' पिंपाजवळ भाजला. कागदावर कारण आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. त्या पिंपाला 'खाली' हे नाव कुणी दिलं, ते कागदावर नाही.

म्हणून व्हॉर्फला डोक्यावर घेऊ नका. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळच नाही, असं त्यानं लिहिलं होतं. १९८३ साली एकेहार्ट मालोत्कीनं जाडजूड ग्रंथ काढून दाखवलं, की त्यांच्याकडे काळाचे शब्द मुबलक आहेत. भाषा वळण लावते, बेड्या घालत नाही. सिनेमा मात्र ते मत पार टोकाला नेतो.

त्या जीवांची लिपी गोल. धुरासारख्या शाईचं वर्तुळ, त्याला आगा ना पिछा. ती शिकता शिकता बाईला पुढचं दिसू लागतं. तिला मुलगी होणार, ती ऐन उमेदीच्या वयात दुखण्यानं जाणार, हे सांगितलं म्हणून नवरा सोडून जाणार. सगळं ठाऊक असून ती त्याच वाटेनं चालते. मलाही भरून आलं, नाही म्हणत नाही. पण इथं माझं बाईशी भांडण आहे. गोल काळ आपल्याला नवा नाही. मागल्या जन्माचं या जन्मी, या जन्मीचं पुढल्या. हेच वर्तुळ दाखवून आपल्या आज्या-पणज्याला मेलेली ढोरं ओढायला लावली. जिवंत गाई गविष्टीवाल्यांच्या, मेलेल्या आमच्या. लुईझनं स्वतः वाचलं नि स्वतः हो म्हटली. आपल्याला वाचू दिलं नाही, नुसतं सांगितलं. त्याला कुणी स्वीकार म्हणू नये.

मराठीत 'परवा' आहे ना? गेलेला परवा आणि येणारा परवा, शब्द एकच. कुठला ते क्रियापद सांगतं. परवा मार खाल्ला. परवा मोर्चा काढू. आपल्या भाषेतही वर्तुळ आहे, पण ते कुठं उघडायचं हे करणाऱ्याच्या हातात आहे. मला ही सोय त्या सात पायांच्या लिपीपेक्षा बरी वाटते.

सिनेमातला सगळा घोळ एका शब्दावरून होतो. ते जीव 'हत्यार देतो' अशा अर्थाचं काहीतरी लिहितात. लगेच देशोदेशीची लष्करं बोलणं तोडतात, चीन तर लढायला उभा. बाई ओरडून सांगते, हत्यार आणि अवजार यांत ते फरक करत नसतील. आमच्या मुकादमाला विचारलं असतं तरी भागलं असतं. सुताराची हत्यारं, चांभाराची हत्यारं, आपण म्हणतोच की. शेवटी कळतं, ते देत होते ती त्यांची भाषाच.

तेव्हा पुढच्या अंकासाठी कविता पाठवाच, पण सोबत तुमच्या कामावरचे शब्द पाठवा. गटाराचे, गिरणीचे, हॉस्पिटलच्या वॉर्डाचे, डिलिव्हरीच्या गाडीचे. जसे बोलता तसेच लिहा, शुद्ध करू नका. सुरुवात मी करतो. गोदीत माल वर घ्यायचा तर 'हबेस', खाली सोडायचा तर 'आरिया'. हा दुसरा शब्द पोर्तुगीज खलाशांचा, वेदातला नव्हे. तरी तो ओरडताना मला दर वेळी हसू येतं.