अंतराळाचे सूर आणि केळापूरचा रंगमंच

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा सरकत गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या खेड्यात, धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा निर्वाळा अभ्यासकांनी दिला. अंतराळयुग ही अमेरिका-रशियाची बाब आहे, या समजुतीला त्या रात्री अक्षरशः वरून धक्का बसला. अंतराळ आता विदर्भातील खेड्याच्या हद्दीत उतरले आहे. परंतु ते विदर्भाच्या गाण्यात आणि नाटकात मात्र अजून उतरलेले नाही. विजेवर चालणारी वाद्ये केळापूर तालुक्यातील लग्नमंडपापासून भजनी मंडळापर्यंत सर्वत्र पोहोचली असताना, त्या वाद्यांबरोबर जगात इतरत्र जी एक कल्पना आली, ती येथे का आली नाही, हा प्रश्न वरवर वाटतो तितका चैनीचा नाही.

विजेच्या वाद्याचा जन्म प्रयोगशाळेत झाला. १९२०च्या सुमारास लेव्ह थेरेमिन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने असे वाद्य तयार केले की, ज्याला वादकाचा स्पर्शच होत नाही. दोन धातूच्या दांड्यांजवळ हवेत हात हलवावा, एका हाताने स्वराची उंची ठरावी आणि दुसऱ्याने त्याचा जोर, अशी त्याची रचना होती. हे वाद्य वाजवणे अतिशय अवघड. बोटाखाली पडदा नाही की पट्टी नाही, केवळ कानाचा आधार. असे असूनही त्याच्या कंपित, अधांतरी स्वराला पुढे परग्रहाचे नाव चिकटले. १९५१ साली ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटात बर्नार्ड हरमन यांनी परग्रहवासीयासाठी थेरेमिनचा उपयोग केला. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने संपूर्ण पार्श्वध्वनी विद्युत्मंडलांतून निर्माण केला, तेव्हा त्याला ‘संगीत’ म्हणण्याचे धाडससुद्धा श्रेयनामावलीत झाले नाही.

एक वाद्य, दोन कल्पना

याच काळातील दुसरे एक वाद्य आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तँ यांनी क्लाव्हियोलिन नावाचे लहानसे वाद्य बनवले. एका वेळी एकच स्वर काढणारे, पेटीसारख्या पट्ट्यांचे आणि स्वतंत्र ध्वनिवर्धकाचे हे वाद्य मुंबईत आले आणि कल्याणजी विरजी शहा या तरुण वादकाच्या हाती पडले. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी त्यातून पुंगीचा असा सूर काढला की, देशभरातील श्रोत्यांना ती खरी पुंगीच वाटली. आठ वर्षांनी, जुलै १९६२ मध्ये, टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह आकाशात गेला आणि लगेच इंग्लंडमध्ये जो मीक यांनी त्याच नावाची धून ध्वनिमुद्रित केली. तिचा मुख्य सूरही क्लाव्हियोलिन जातीच्याच वाद्याचा होता. ती धून इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली.

एकाच जातीच्या वाद्याला एका देशाने नाग मानले आणि दुसऱ्याने उपग्रह. यात आपली कल्पनाशक्ती तोकडी पडली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परकी वस्तू आपल्या घरात बसवून घेण्याची ही आपली जुनी हातोटी आहे. युरोपातून आलेल्या पेटीला १९४० साली रेडिओने बंदी केली, ती १९७१ पर्यंत पूर्ण सैलावली नाही. मध्यंतरीच्या काळात कीर्तनकाराने आणि भजनी मंडळाने तिला कधीच आपलेसे करून टाकले होते. बालगंधर्वांनी ऑर्गनला मराठी नाट्यसंगीताचा प्राणस्वर बनवले. विजेचा तंबोरा आणि विजेचा तबला हीदेखील त्याच परंपरेची अपत्ये होत. लग्नाच्या वरातीत बँडवाला आजही नागाची धून वाजवतो आणि वऱ्हाडी हातांचा फणा करून नाचतात, तेव्हा तिचा मूळ सूर सापाच्या नव्हे, तर फ्रेंच यंत्राच्या पोटातून निघाला होता, याची जाणीव कोणालाही नसते. आत्मसात करणे याहून वेगळे ते काय!

मात्र या हातोटीची एक मर्यादा आहे. नव्या यंत्राकडून आपण नेहमी जुनेच काम करून घेतले. जे आधी होते त्याची हुबेहूब नक्कल, ही आपल्या यशाची कसोटी राहिली. जे अजून झाले नाही त्याची चाहूल देणे हे या वाद्यांचे दुसरे सामर्थ्य होते. ते आपण वापरलेच नाही. ज्यांनी वापरले त्यांची दखलही घेतली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे स्वतंत्र रचना केल्या. जोशीपुरांच्या एका रचनेचे नावच ‘स्पेस लायनर २००१’ असे आहे. त्या ध्वनिफिती पुढे अनेक दशके कपाटात पडून राहिल्या आणि निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्याही परदेशस्थ संगीतकार पॉल पर्गस यांच्या खटपटीने. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर दहा राग वाजवून ठेवले. त्या तबकडीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले आणि म्हातारपणी सिंग यांना युरोपातील मंचांवर जाहीर वादन करण्याची संधी मिळाली. २०१५ साली ते निवर्तले.

कापूस आणि कल्पना

येथे कोणी विचारील की, कापसाच्या भावाची आणि पावसाची चिंता वाहणाऱ्या केळापूर तालुक्याला अंतराळाच्या गाण्याची काय गरज? शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले, त्याला आधी पाणी आणि पैसा हवा, हे कोण नाकारील? परंतु या आक्षेपाला इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, वर्णद्वेषाने ग्रासलेल्या अलाबामा राज्यात १९१४ साली जन्मलेला सन रा हा कृष्णवर्णीय संगीतकार आपण शनि ग्रहावरून आलो असे सांगत असे. क्लाव्हियोलिन आणि पुढे मूग सिंथेसायझर घेऊन, झगमगीत पोशाखातील आपल्या वाद्यवृंदासह त्याने १९९३ साली मृत्यू येईपर्यंत प्रत्यक्ष मंचावर अंतराळाची कथा सादर केली. ते वेड नव्हते. ज्या समाजाला पृथ्वीवर जागा नाकारली गेली, त्याने आकाशात जागा मागितली होती. कापसाच्याच शेतात राबलेल्या लोकांच्या वंशजांचे ते संगीत होते, ही गोष्ट केळापूरने विशेष ध्यानात घ्यावी.

केळापूर हा गोंड आणि कोलाम यांचा मुलूख आहे. परधान गायक किंगरीच्या सुरावर गोंडांच्या कुळांची उत्पत्तिकथा गात आले आहेत. ज्या लोकांच्या गाण्यात देव, पूर्वज आणि सृष्टीचा आरंभ सहज मावतो, त्यांच्या गाण्यात सृष्टीचे पुढे काय होणार हा प्रश्न मावणार नाही, असे मानण्यास आधार नाही. त्यांचे केवळ पूर्वसंचित जपावे आणि भविष्याचा विचार मुंबई-पुण्याने करावा, ही वाटणी दयाळू दिसली तरी अपमानकारक आहे. आदिवासी मुलाला मंचावर बोलावताना दर वेळी पिसांचा तुराच का द्यावा? एखाद्या वेळी त्याच्या हाती कीबोर्ड देऊन त्याला परग्रहावरची कथा सांगू द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्राने वादकाच्या पोटावर पाय आणला, ही तक्रार खोटी नाही. १९८२ साली ब्रिटनमधील वादक संघटनेच्या लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालण्याचा ठराव केला होता, आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील मोठे वाद्यवृंद पुढे विसकटले ते बव्हंशी याच यंत्रामुळे. तरीही वाजवावे लागणारे यंत्र आणि आपोआप वाजणारे यंत्र यांत भेद केला पाहिजे. थेरेमिनला शिकलेला हात लागतो, क्लाव्हियोलिनला कल्याणजी लागतात. वरातीपुढे चालणाऱ्या डीजेच्या भिंतीला मात्र बटण दाबणारा एक माणूस पुरतो. गावच्या ढोलाला आणि सनईला हद्दपार केले ते या भिंतीने. तेव्हा झगडा वीज आणि कातडे यांचा नसून, वाजवणारे आणि नुसते ऐकणारे यांचा आहे.

शाळेने हाती घ्यावे असे काम

उपाय खर्चाचा नाही. मराठी विज्ञानकथेचे भांडार हाताशी आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, तेव्हापासून आपल्या भाषेत ही कथा प्रतिष्ठित झाली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीच्या सभा ठिकठिकाणी झाल्या. त्यांच्या कथा वाचल्या जातात, परीक्षेला नेमल्या जातात; रंगमंचावर मात्र त्या क्वचितच उभ्या राहतात. पांढरकवड्याच्या एखाद्या विद्यालयाने यंदाच्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीताच्या ध्वनिफितीवर नाच बसवण्याऐवजी रीतसर परवानगी काढून अशी एक कथा बसवावी. तिचे सूर विद्यार्थ्यांनी मंचाजवळ बसून, जुना कीबोर्ड आणि गावचा ढोल एकत्र घेऊन, प्रत्यक्ष वाजवावेत. थेरेमिनचे साधे मंडल विज्ञानशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली थोड्या खर्चात जुळवता येते. भौतिकशास्त्राचा तास आणि संगीताचा तास एकाच बाकावर आणणारे असे दुसरे साधन सापडणे कठीण. शेजारच्या झाडीपट्टीत रात्रभर चालणारी नाटके आजही जिवंत वाद्यमेळाच्या साथीने होतात आणि हजारो प्रेक्षक तिकीट काढून ती पाहतात. त्यामुळे ग्रामीण प्रेक्षकाला प्रत्यक्ष वादन नको असते, ही सबब टिकणारी नाही.

अशा प्रयोगातून केळापूरला थोर संगीतकार लाभेलच, याची हमी कोणी देऊ नये. पहिले प्रयोग बेसूरही होतील. परंतु भविष्य ही आपल्यावर येऊन आदळणारी वस्तू नसून, आपणही ती घडवू शकतो, एवढा विश्वास शेकडो मुलांच्या मनात रुजला, तरी त्या कीबोर्डची किंमत वसूल झाली असे म्हणता येईल. लाडबोरीला जे पडले ते दुसऱ्यांच्या स्वप्नाचे भंगार होते. स्वतःचे स्वप्न आकाशाकडे पाठवायचे, तर त्याचा आरंभ शाळेच्या रंगमंचावरून होण्यास काहीच हरकत नाही.