कात्री न लागलेलं लुगडं



सहामाही आटोपली, दिवाळीचा फराळही डब्याच्या तळाशी गेला असेल. आता पहाटे जरा गार वाटायला लागलं, की घरोघरी माळ्यावरच्या गोधड्या खाली येतील. आमच्या पालघरकडे थंडी ती काय म्हणा! समुद्र जवळ. पंखा दोनवर आणि अंगावर गोधडी, एवढीच आमची थंडी. निफाडच्या मुलांनी हसू नये.

आज जी गोधडी सांगणार आहे ती बोईसरला माझ्या दादाच्या घरी आहे. दादा तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, ही गोष्ट घडली तेव्हा आठवीत होती.

माझी आई, म्हणजे भाचीची आजी, त्याच्या आदल्या श्रावणात गेली. शेवटपर्यंत ती चिंचणीच्या जुन्या घरीच राहिली. तिच्यामागे घर बंद करताना तिची लोखंडी ट्रंक तेवढी दादाने बोईसरला आणली आणि पलंगाखाली सरकवली. वर्षभर ती कोणी उघडली नाही. वहिनी केर काढताना ट्रंक बाहेर ओढायची, खालची धूळ काढायची आणि पुन्हा आत ढकलायची. तिच्याबद्दल कोणी बोलायचंही नाही. दादा तर आईबद्दलच बोलायचा नाही.

मग पावसाळा संपला. आमच्याकडच्या दमट हवेत चार महिने कपड्यांना कुबट वास येतो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात सगळं वाळत घालायचं असतं. वहिनीने मनाचा हिय्या करून ट्रंक उघडली. आत पाच नऊवारी लुगडी. त्यातल्या दोघांना कसर लागलेली. डांबराच्या गोळ्या टाकायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "उरलेली खराब व्हायच्या आत गोधडी करू या. आईंची आठवण राहील."

झालं! भाची तडक उठली. "आजीच्या लुगड्याला कात्री लावायची नाही! कसर परवडली!" आणि आतल्या खोलीचं दार धाडकन बंद. दादा डबा घेऊन, एक शब्द न बोलता कामावर निघून गेला. आणि वहिनीचा मला फोन. आत्या कशाला असते, तर अशा वेळी बोलवायला.

मी गेले खरी, पण सांगू का, मला भाचीचंच पटत होतं. ज्या पदराला मी डोळे पुसले त्याचे तुकडे करायचे? वहिनीचंही चूक नव्हतं. ट्रंकेत ठेवून कसरीला खाऊ घालणं म्हणजे जपणं नव्हे. अशी आमची अडकित्त्यात सुपारी झाली होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकी आल्या. त्यांचं माहेर वाड्याकडचं. आमचं ऐकून त्या हसायलाच लागल्या. "अगं, नऊवारीची गोधडी करायला कात्री कशाला लागते?"

आता वही-पेन्सिल घ्या बरं. एक वार म्हणजे तीन फूट. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या तर एकेक घडी पावणेसात फुटांची. उंच माणसाच्याही डोक्यापासून पायापर्यंत पुरेल. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. एका माणसाच्या पांघरुणाला बेताचा. थोडक्यात, एक लुगडं चारपदरी घातलं की एका माणसाची गोधडी तयार! काठ कडेला येतात, पदर वर ठेवता येतो, आणि कात्री पेटीतच राहते. मला इतक्या वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं.

दार हळूच उघडलं. भाची म्हणाली, "मग ते हिरवं घ्या. डागांचं."

हे हिरवं लुगडं आम्हां सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यावर मोठेमोठे तपकिरी डाग होते, चिकूच्या चिकाचे. घोलवडचे चिकू तुम्ही खाल्ले असतील, पण कच्चा चिकू झाडावरून तोडला की देठातून पांढरा चीक गळतो, तो कपड्यावर वाळला की धोब्याचा बापही काढू शकत नाही. आईने ते डागाळलेलं लुगडं वर्षानुवर्षं वापरलं.

पुढचं भांडण धुण्यावरून. काकी म्हणाल्या, गोधडीचं कापड आधी धुवायलाच हवं. जुन्या कपड्याला घाम असतो, खळ असते, त्यावरच कसर येते. भाची म्हणे, धुतलं तर आजीचा वास जाईल. यावर काय बोलणार? खोबरेल तेल आणि मिसरीचा तो वास मलाही ओळखीचा होता. शेवटी लुगडं धुतलं, आणि आईची एक चोळी न धुता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून भाचीला दिली. (तो वासही चार-पाच महिन्यांत गेला. भाचीने मला तसं सांगितलं, पण डबा अजून तिच्याकडेच आहे.)

ट्रंकेच्या अगदी तळाशी, जुन्या वर्तमानपत्राच्या खाली, वडिलांचं एक धोतर सापडलं. वडील जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. आईने ते ठेवलंय हे आम्हां दोघां भावंडांना ठाऊकच नव्हतं. झिजून मलमलीसारखं मऊ झालं होतं. काकींनी ते दुपदरी करून लुगड्याच्या घडीत आत सरकवलं. एकूण सहा पदर झाले.

मग जमिनीवर चटई घालून, कपडा ताणून, चारही बाजूंनी लांब लांब टाके घालून टाचलं, म्हणजे पदर आत गोळा होत नाहीत. आणि मग खरं शिवण. टाका साधाच, धावदोरा. पण सहा पदरांतून सुई जायची म्हणजे बोट सोलून निघतं. म्हणून बोटाला अंगुस्तान हवं. कडेने सुरुवात करायची, चारही बाजू फिरून आत आत यायचं, मधोमध संपवायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच कडेकडून आत येत गोधडी शिवतात आणि तिला कवंदी म्हणतात. घाटावर काही ठिकाणी हिलाच वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळाच्या छोट्या गोधडीला दुपटं.

गोधडी ऊबदार का असते, हे विज्ञानाच्या बाईंनी विचारलं तर सांगा, की ती ऊब आपल्याच अंगाची असते. पदरांच्या मध्ये हवा अडकून राहते, ती हलत नाही, म्हणून ऊब बाहेर जात नाही. टाके हवेला अडवतात आणि पदरांना धरून ठेवतात.

टाके किती? भाचीने हिशेब केला. लुगड्याची लांबी ८१ इंच, कडा आत मुडपून ७८ धरली. पन्हा ४५. ओळी एकेका इंचावर, इंचाला दोन टाके. ४५ गुणिले ७८ गुणिले २. करा बघू! सात हजारांच्या वर जातात. आणि दोरा नुसत्या ओळींचाच ८९ मीटर. काकी, वहिनी, भाची आणि रविवारी मी, अशा चौघीजणींना जवळजवळ दीड महिना लागला. भाचीचे पहिले टाके मुंग्यांच्या रांगेत उंट शिरावेत तसे होते. मला ते उसवावेसे वाटत होते. काकींनी उसवू दिले नाहीत.

गोधडी शिवताना हात कामात असतात आणि डोळे खाली असतात. त्यामुळे एरवी न बोललं जाणारं बोललं जातं. एका रविवारी दादाची साप्ताहिक सुट्टी होती. तो नुसता येऊन बसला आणि सुयांत दोरे ओवून द्यायला लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे डाग मी पाडलेत."

आम्ही सगळ्या थांबलो.

दादा पाचवीत असताना त्याने शेजारच्या वाडीतले कच्चे चिकू चोरले होते. पिकायला कुठे ठेवायचे? तांदळाच्या डब्यात ठेवले तर आई बघणार. म्हणून त्याने ट्रंकेतल्या घडीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवले. ते लुगडं नवंकोरं होतं, आईच्या भावाने भाऊबीजेला दिलेलं. तीन दिवसांनी आईने ट्रंक उघडली. दादा म्हणाला, "तिने विचारलंच नाही कोणी केलं म्हणून. मीही सांगितलं नाही. पुढच्या सणाला तेच नेसली. लोक विचारायचे, अहो डाग कसले, तर म्हणायची, चिकूचे. मला वाटायचं एक दिवस सांगेन."

काकी टाका घालता घालता म्हणाल्या, "तिला काय ठाऊक नसेल होय?"

दादा उठून बाहेर गेला. वर्षभरात तो आईबद्दल पहिल्यांदा बोलला होता.

गोधडी पुरी झाली आणि नवाच प्रश्न आला. भाची म्हणाली, ही कोणी पांघरायची नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायची. तेव्हा मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हांलाही सांगते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. कधीकाळी ज्यांना गुलाम म्हणून राबवलं गेलं, त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे राहतात. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईंचा नवरा वारला. त्यांनी १९४२ साली आपल्या मुलीला हाताशी घेऊन नवऱ्याच्या शेतात वापरायच्या कपड्यांची गोधडी शिवली. गुडघ्यांवर विरलेल्या विजारी, उन्हाने उडालेले निळे रंग, सगळं तसंच ठेवलं. ती त्यांना अंगावर घ्यायची होती, त्याची माया पांघरल्यासारखी. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या संग्रहालयात आहे. जीज बेंडच्या गोधड्यांवर २००६ साली अमेरिकेने १० टपाल तिकिटं काढली. तिकिटं जमवणाऱ्यांनी शोधावीत.

दुसरी गोष्ट उलटी आहे. एड्सने गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आप्तांनी तीन फूट बाय सहा फुटांचे तुकडे शिवले आणि ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात ते एकत्र पसरले. त्या दिवशी १९२० तुकडे होते. आज ते ५० हजारांच्या आसपास आहेत. ती गोधडी पांघरण्यासाठी नव्हतीच. ज्या माणसांची नावं घ्यायला लोक बिचकत होते, ती सगळ्यांनी वाचावीत यासाठी होती.

"मग आपली कुठली?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, तूच ठरव. तिने ती कपाटात ठेवली. मी काही बोलले नाही. घरी येताना विरार लोकलमध्ये मात्र मला थोडं वाईट वाटलं.

जानेवारीत वहिनीचा फोन आला. दादा रात्रपाळीहून सकाळी आला होता, कणकण होती, तसाच लादीवर आडवा झाला. भाची शाळेला निघालेली. तिने दप्तर खाली ठेवलं, कपाट उघडलं, पिशवीतून गोधडी काढली आणि डागांची बाजू वर करून त्याच्या अंगावर घातली. शाळेला उशीर झाला. उशिराच्या चिठ्ठीवर कारण काय लिहायचं, हे वहिनी मला विचारत होती.

आता ती रोज वापरात आहे. कोणी पांघरायची यावरून भांडणंही होतात. यंदाच्या पावसाळ्यानंतर धुताना एका कडेचा दोरा सुटला, नेमका भाचीच्या त्या उंटांच्या रांगेतला. ती आता दहावीत आहे आणि म्हणते, मीच घालते टाका, पण अंगुस्तान सापडत नाही. ते माझ्या शिवणाच्या डब्यात आलंय. रविवारी घेऊन जाणार आहे.

तुमची,
आत्या