आधी ऐकून घ्यावे

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे एका घरी सायंप्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना संपली आणि बोलणे वळले ते आदल्या रात्री विहिरीवरून चोरीस गेलेल्या मोटारीच्या केबलकडे. उसाच्या पट्ट्यात केबल गेली म्हणजे उभे पीक पाण्यावाचून राहते. नुकसान खरे होते आणि रागही खरा होता. चोर मात्र कोणीच पाहिला नव्हता. तरीही घरातील आजी अगदी सहजपणे म्हणाल्या, “फादर, ही पारध्यांचीच कामं. ओढ्यापल्याड त्यांची पालं पडल्यात.” त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. अर्ध्या तासापूर्वी आम्ही सर्वांनी मिळून संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील कुसळ आणि मुसळ यांविषयीचा उतारा वाचला होता.

आजींना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी उच्चारलेला निवाडा त्यांच्या जन्माआधीच लिहून ठेवलेला होता. ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढवली. माणसाने काय केले हे न विचारता तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पाहून त्याचे नाव नोंदवहीत चढू लागले. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना, आणि कित्येकांच्या नशिबी सोलापुरासारख्या ठिकाणची सेटलमेंट. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द केला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. नोंदवही मिटली, पण गावाच्या मनातली नोंद तशीच राहिली.

या इतिहासात ख्रिस्ती माणसांचाही हात आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. देशातील अशा काही वसाहती चालवण्याचे काम सरकारने मुक्तिफौजेकडे सोपवले होते. आंध्रातील स्टुअर्टपुरम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हेतू सुधारणेचा होता. परंतु सुधारणेच्या आरंभीच ‘हा जन्मतः गुन्हेगार’ हे गृहीत धरले गेले होते. ते आपल्या पंथाचे नव्हते, असे म्हणून आपण हात झटकू नयेत.

आणि हे सारे दूरचे आहे असेही नाही. 1998 साली आपल्या शेजारच्या बारामतीत एका पारधी व्यक्तीचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी काम सुरू केले. पुढे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मोबाईलवर आलेल्या अफवेपलीकडे त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हते.

जमाव अविचारी असतो, असे म्हणून आपण स्वतःला त्यातून वगळतो. पण न्यायासनाचेही चुकते, आणि तो प्रसंग मला अधिक विचार करायला लावतो. जून 2003 मध्ये नाशिकजवळ दरोडा आणि पाच जणांच्या हत्येची भयंकर घटना घडली. त्यात भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चार व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. ज्या कुटुंबावर तो घाला पडला, त्यालाही न्याय मिळाला नाही, कारण खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. चुकीचा निवाडा हा असा दोन्हीकडून अन्याय करतो.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. लोकसभेने तिला दोषी ठरवले होते, कारण आरोप करणारे प्रतिष्ठित वडीलधारे होते. तरुण दानिएलाने मोठा चमत्कार केला नाही. त्याने दोघांना वेगळे उभे केले आणि एकच प्रश्न विचारला: ते झाड कोणते होते? दोघांची उत्तरे जुळली नाहीत आणि एक निष्पाप जीव वाचला. निकदेमानेही धर्मसभेत एवढेच म्हटले होते की आधी माणसाचे ऐकून घ्यावे. प्रभूने आपल्याला न्याय करण्यापासून रोखले, याचा अर्थ चोरीला चोरी म्हणू नये असा नव्हे. तक्रार अवश्य नोंदवावी, तपास अवश्य व्हावा. ज्याच्यावर बोट दाखवायचे त्याच्या कृत्याकडे ते असावे, कुळाकडे नसावे. पुरावा नसताना दुसऱ्याचा दोष गृहीत धरणे याला आपल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात पाप म्हटले आहे, आणि पापनिवेदनाच्या वेळी ते क्वचितच कोणाच्या आठवणीत येते. माझ्याही आले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे रद्द केली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांत गणणारे उल्लेखही त्यात गेले. कायदा मिटल्यावर 72 वर्षांनी!

काही दिवसांनी मी पुन्हा कळंबला गेलो आणि आजींना विचारले, त्या पालांवरच्या कोणाशी आपल्यापैकी कोणी कधी बोलले आहे का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यातली एक बाई पाणी मागायला यायची, फादर. कळशी भरून द्यायचे मी. नाव नाही विचारलं कधी.” आम्ही दोघे ओढ्यापलीकडे गेलो तेव्हा पाले उठली होती. तीन दगडांची चूल तेवढी राहिली होती. केबल कोणी नेली, हे अद्याप कळलेले नाही.